सूट आणि साधन

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चौक, लखनौ येथे दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून मंडळाच्या पूर्वेतिहासाचे गुणगान व्हावे असा रिवाज आहे, आणि तो योग्यच आहे. ते काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी केले आहे. आमच्याकडे चिटणिसांनी सोपविलेला विषय थोडा निराळा आहे. गेली काही वर्षे आम्ही सुट्टीच्या दिवशी दृष्टिहीन आणि कर्णबधिर मुलांना गणित शिकवीत आलो आहोत. त्या अनुभवाविषयी चार शब्द सांगावेत अशी त्यांची आज्ञा झाली. आम्ही गणिताचे पंडित नव्हे. केंद्र सरकारच्या कचेरीत फायली हाताळणारे, बी. ए. झालेले गृहस्थ आहोत. तेव्हा येथे पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. मुलाच्या बोटांकडे पाहत पाहत जे ध्यानात आले, तेवढेच सांगावयाचे आहे.

आपण आज ज्या चौकात जमलो आहोत, तो चौक मुळी हिशेबावर उभा आहे. गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत चालत गेले तर कानांवर पडणाऱ्या शब्दांत निम्मे आकडे असतात. सराफ्यात वजन आणि टंच, चिकनच्या दुकानांत गज आणि नग, अत्तराच्या दुकानांत तोळे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे सांगली जिल्ह्यातील विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागांतून गलाईच्या धंद्यानिमित्त बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ्यांत, तशीच येथेही, स्थिरावली. सोने-चांदी गाळून शुद्ध करणे हा हाताचा आणि आगीचा धंदा खरा. परंतु त्याचा अर्धा भाग तोंडी गणिताचा आहे. ८ ग्रॅम ४०० मिलिग्रॅमचा जिन्नस ९२ टंचाचा निघाला तर शुद्ध सोने किती, हे सांगावयास जुना कारागीर कागद शोधीत बसत नाही. शेकडा ८ प्रमाणे घट काढली, ६७२ मिलिग्रॅम झाली. ती वजा केली. ७ ग्रॅम ७२८ मिलिग्रॅम उरले. मूस थंड होण्यापूर्वी उत्तर तयार असते.

अशा या गणिती वस्तीत एखाद्या घरी दृष्टी नसलेले किंवा ऐकू न येणारे मूल वाढत असले, म्हणजे काय होते? आईवडील त्याच्यावर अपार माया करतात. आजी देवाला नवस बोलते. शाळेत घातले तर शिक्षकही कनवाळू असतात. आणि पुष्कळदा या सर्वांचे मिळून एका गोष्टीवर एकमत होते, की याला गणित कशाला? गाणे शिकवा, तबला शिकवा, चार ओळी वाचता आल्या म्हणजे झाले. पुढे नववी-दहावीत परीक्षा मंडळाचा नियम मदतीस येतो. केंद्रीय मंडळासह अनेक परीक्षा मंडळांनी अशा विद्यार्थ्यांना गणिताऐवजी दुसरा विषय घेण्याची मुभा दिलेली आहे. एक अर्ज, एक प्रमाणपत्र, आणि मूल गणितातून कायमचे सुटते. घरी पेढे वाटले जातात.

या पेढ्यांविषयीच आम्हांस बोलावयाचे आहे. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. शिक्षक नाही, साधन नाही, पुस्तक नाही, अशा स्थितीत मुलाला नापास करीत राहण्यापेक्षा सूट देणे दयेचे होते. परंतु अडथळा कोठे आहे, याचा विचार त्यात राहून गेला. आमच्या अनुभवास आलेली गोष्ट अशी की, अडथळा बहुतेक वेळा मुलाच्या बुद्धीत नसतो. गणित ज्या रूपाने त्याच्यापुढे ठेवले जाते, त्या रूपात तो असतो. रूप बदलले की वाट मोकळी होते. रूप बदलण्याचे कष्ट टाळून आपण मूलच बाजूस करतो आणि त्याला सूट असे गोड नाव देतो.

प्रथम दृष्टिहीन मुलांविषयी. कागदावरचे गणित हे डोळ्यांच्या सोयीने रचलेले आहे. बेरीज मांडताना आपण एकम् खाली एकम्, दशम् खाली दशम् लिहितो आणि एका दृष्टिक्षेपात स्तंभ पाहतो. अपूर्णांकात अंश वर, छेद खाली, घातांक खांद्यावर, वर्गमूळाचे छप्पर डोक्यावर. हे सर्व पृष्ठभर पसरलेले असते. बोट मात्र एका वेळी एकच अक्षर वाचते आणि ओळीने पुढे सरकते. गद्य ओळीने वाचता येते; गणिताला ओळ पुरत नाही. शिवाय पाटी आणि लेखणीने ब्रेल लिहिताना कागदाच्या मागच्या बाजूने टोचे मारावे लागतात, म्हणून उजवीकडून डावीकडे उलटे लिहावयाचे आणि कागद पालटून सुलटे वाचावयाचे. हातचा घेतलेला आकडा कोठे लिहावा, खोडावा कसा, असे प्रश्न येथे उभे राहतात. हे प्रश्न बुद्धीचे नाहीत, लेखनाचे आहेत. आणि लेखनाचे प्रश्न माणसाने पूर्वीच सोडविले आहेत.

निकोलस साँडर्सन हा इंग्रज १६८२ साली जन्मला. वर्षाचा असतानाच देवीच्या रोगाने त्याचे डोळे गेले. त्याने स्वतःसाठी एक फळी केली. भोकांत लहानमोठ्या टाचण्या बसवावयाच्या आणि टाचणीच्या जागेवरून अंक ओळखावयाचा. याच साँडर्सनला १७११ साली केंब्रिजमध्ये गणिताचे ते अध्यासन मिळाले, ज्यावर त्यापूर्वी न्यूटन बसले होते. ज्याचे डोळे तान्हेपणीच गेले, तो प्रकाश व रंग यांच्या शास्त्रावर व्याख्याने देत असे. पुढे लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये आपली टिंबांची लिपी प्रसिद्ध केली. पॅरिसच्या अंधशाळेतील या शिक्षकाने १८३८ मध्ये नवशिक्यांसाठी अंकगणिताची एक पुस्तिकाही काढली होती, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ज्याने लिपी दिली त्याला गणित वगळावयाचे नव्हते.

आपल्या देशातील अंधशाळांत जे साधन पिढ्यान् पिढ्या वापरले गेले, ते विल्यम टेलर या इंग्रज पाद्र्याच्या नावाने ओळखले जाते. टेलर फ्रेम म्हणजे एक पाटी. तिच्यावर आठ कोनांच्या तारकेसारख्या भोकांच्या रांगा असतात. भोकात धातूचा लहानसा खिळा उभा करावयाचा. त्याच्या एका टोकास एक उंचवटा असतो, दुसऱ्या टोकास दोन टोचे. खिळा आठ दिशांनी बसविता येतो, आणि टोके दोन. म्हणजे सोळा खुणा झाल्या. त्यांत दहा अंक बसले आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांची चिन्हेही बसली. चूक झाली तर खिळा उपटून फिरवावयाचा, खाडाखोड नाही. एकम् खाली एकम् राहतो. बोट वरून खाली सरकले की स्तंभ वाचला जातो. आमच्या एका विद्यार्थ्याने प्रथमच चार आकडी बेरीज अशी वाचली, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘अंक एकाखाली एक असतात, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.’ तोपर्यंत तो बेरीज ही एक लांबलचक ओळ समजत होता.

त्यानंतरची साधने आणखी सोयीची झाली. १९५२ साली अमेरिकेत अब्राहम नेमेथ या जन्मांध गृहस्थांनी केलेले गणिताचे ब्रेल मान्य झाले. अंश-छेद, घात, मूळ हे सर्व त्यात ओळीत लिहिता येते, कारण कोठे वर गेलो आणि कोठे खाली आलो यासाठी स्वतंत्र खुणा आहेत. नेमेथ यांना तरुणपणी सल्लागारांनी गणित सोडून मानसशास्त्र घ्यावयास लावले होते. ते पुन्हा गणिताकडे वळले आणि पुढे डेट्रॉइटच्या विद्यापीठात गणिताचे अध्यापक झाले. टिम क्रॅनमर यांनी १९६२ मध्ये जपानी मणिचौकटीत मण्यांखाली लोकरी कापड बसविले. धक्का लागला तरी मणी घसरत नाहीत, एवढीच ती युक्ती. पण तेवढ्याने बोटांना निर्भय केले. आज मोबाइलवर बोलणारे गणकयंत्र आहे, पडदा वाचून दाखविणाऱ्या आज्ञावल्या फुकट मिळतात. मात्र पुस्तकातील सूत्र चित्ररूपाने छापलेले असेल तर ती आज्ञावली तेथे मुकी होते. म्हणून यंत्र आले, आता शिक्षक नको, असे कोणी समजू नये.

येथे आपल्या मराठी परंपरेचा एक ठेवा आम्हांस अनपेक्षितपणे उपयोगी पडला, तो सांगितलाच पाहिजे. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी लहानपणी दिवेलागणीला परवचा म्हटला असेल. त्यात नुसते बे एके बे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी अशी अपूर्णांकांची पाढावळ होती. सोळाची सवायकी वीस आणि चोवीसची पाऊणकी अठरा, ही उत्तरे जिभेवर बसलेली असत. पैसे दशमान झाले, वजनमापे बदलली आणि ही पाढावळ मागे पडली. पाठांतराचे स्तोम नको, हेही खरेच. परंतु ज्याच्यापुढे कागद नाही, त्याच्यासाठी कानाने शिकावयाचे आणि मनात साठवावयाचे असे तयार गणित आपल्या पूर्वजांनी करून ठेवले होते. आमच्या वर्गातील गलाईवाल्यांच्या घरच्या एका मुलाला त्याच्या आजोबांनी दोन महिन्यांत पाऊणकी आणि सवायकी तोंडपाठ करून दिली. आम्ही नुसते पाठांतर घेतले नाही. चार मण्यांतील तीन मणी बोटांनी वेगळे करावयास लावून पाऊण म्हणजे काय ते आधी हाताला कळू दिले, आणि मग पाढा. अपूर्णांकांचे जे भय डोळस मुलांना सातवीत छळते, ते या मुलाला छळू शकले नाही.

मातृभाषा मदत करते, तशी ती क्वचित अडचणही करते. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि वीस मागून. लिहिताना मात्र २ आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जोडवाचनाची पद्धत सुचविली गेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला! समितीच्या प्रमुख गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. वादाच्या निवाड्यात आम्ही पडत नाही. आमच्या मुलांची अडचण तिप्पट आहे, एवढे मात्र सांगतो. घरी ‘एकोणऐंशी’, शाळेत हिंदीतून ‘उन्यासी’, इंग्रजीतून आणखी तिसरे. आणि हिंदीतील ‘उन्यासी’ व ‘नवासी’ कानाला इतके जवळचे, की श्रुतलेखनात दहांचा फरक सहज पडतो. डोळस मूल फळ्याकडे पाहून दुरुस्ती करते. आमचे मूल कशाकडे पाहणार? म्हणून आम्ही संख्या सांगताना नेहमी दोन्ही सांगतो: ‘एकोणऐंशी, म्हणजे सात दहा आणि नऊ.’ यास खर्च काही नाही. फक्त आठवण ठेवावी लागते.

भूमितीचे काय, असा प्रश्न हमखास विचारला जातो. आकृती न पाहता त्रिकोण कसा समजावा? उत्तर या चौकातच, आपल्या पायाशी होते. चिकनच्या कामात मुर्री आणि फंदा असे उठावाचे टाके असतात. तांदळाच्या दाण्यासारखी मुर्री, बाजरीच्या दाण्यासारखा फंदा. कापडावरून हात फिरविला की वेल आणि पाने बोटांना कळतात. शेजारच्या एका कारागीर बाईंनी आमच्या विनंतीवरून जाड कापडावर जाड दोऱ्याने त्रिकोण, चौकोन, वर्तुळ काढून दिले आणि शिरोबिंदूंवर फंदे टाकले. वर्तुळाच्या मध्यावर एक गाठ. तेथून परिघापर्यंत ताणलेला दोरा म्हणजे त्रिज्या. दोरा कोठेही फिरविला तरी तो तेवढाच राहतो, हे मुलांनी स्वतः पडताळले. वर्तुळाची व्याख्या आम्ही सांगितली नाही. ती त्यांनी आम्हांस सांगितली. डोळस मुले बांगडीचे गोल चित्र पाहून वर्तुळ ‘ओळखतात’. केंद्रापासूनचे अंतर समान असते हे मात्र त्यांना पाठ करावे लागते. भूमितीचा अर्थ बोटांतून शिकणाऱ्याला कित्येकदा आधी कळतो.

आता कर्णबधिर मुलांविषयी. त्यांना फळा दिसतो, आकृती दिसते, म्हणून गणित सोपे जात असेल असे वरवर वाटते. आणि आकडेमोड खरोखर बरी जाते. गाडी अडते ती शाब्दिक उदाहरणांत. ‘गोविंदाजवळ रामापेक्षा ३ आंबे जास्त आहेत’ आणि ‘गोविंदाजवळ ८ आंबे आहेत, ते रामापेक्षा ३ ने जास्त आहेत, तर रामाजवळ किती?’ या दोन वाक्यांत ‘जास्त’ हा एकच शब्द आहे. पहिल्यावरून गोविंदाचे आंबे काढावयाचे तर मिळवावे लागते. दुसऱ्यात वजा करावे लागते. ऐकणाऱ्या मुलाने हे वाक्प्रयोग चार वर्षांचा होण्यापूर्वी स्वयंपाकघरात हजारदा ऐकलेले असतात. न ऐकणाऱ्या मुलाला शब्द दिसतो, त्याचे वळण दिसत नाही. मग तो ‘जास्त’ पाहून मिळवतो आणि शिक्षक शेरा मारतात: ‘गणित कच्चे’. कच्चे गणित नव्हे. भाषा त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नाही. उदाहरण अभिनयाने करून दाखविले, खरे आंबे दोन टोपल्यांत ठेवले, खुणांच्या भाषेत मांडले, की तोच मुलगा अचूक उत्तर देतो. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली केंद्र सरकारने दिल्लीस स्वतंत्र संस्था काढली. ही भाषा म्हणजे हातवाऱ्यांचा खेळ नसून स्वतःचे व्याकरण असलेली भाषा आहे, हे घरोघर कळावयास हवे. अशा मुलाच्या आईवडिलांनी ती शिकली तर गणिताच्या शिक्षकाचे निम्मे काम घरीच होईल.

बुद्धीची वाढ मंद असलेल्या मुलांविषयी आमचा अनुभव तोकडा आहे. एवढेच म्हणतो की, तेथेही गणिताचा अर्थ बदलतो. गणित नाहीसे होत नाही. पाच रुपये देऊन तीन रुपयांची वस्तू घेतली तर दोन परत मागावयाचे, आणि लहान काटा चारवर आला की दादा शाळेतून येणार, हे समजणे हेही गणितच. मुंबईच्या जय वकील शाळेसारख्या संस्था १९४४ पासून अशा मुलांसाठी झटत आल्या आहेत. त्यांच्या दृष्टीने एका मुलाला एकट्याने दुकानात जाता येणे ही लहान गोष्ट नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण सूट घेतल्याने बिघडते काय? बिघडते ते पुढे, आणि तेव्हा पेढे वाटणारे जवळ नसतात. आमच्या ओळखीच्या एका दृष्टिहीन मुलीने नववीत गणित सोडले. सोडले म्हणण्यापेक्षा तिच्या वतीने ते सोडण्यात आले. ती हुशार, हिंदी साहित्यात उत्तम गुणांनी पदवीधर झाली. मग बँकेच्या कारकुनीच्या परीक्षेचा अर्ज भरावयाची वेळ आली. कायद्याने तिच्यासाठी जागा राखीव होत्या. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अपंगांसाठी शेकडा ३ जागा ठेवल्या होत्या. २०१६ च्या कायद्याने त्या शेकडा ४ केल्या. परंतु परीक्षेत आकडेमोडीचा स्वतंत्र भाग असतो. राखीव जागेचे दार उघडे, आणि उंबरठ्यावर नववीत टाकून दिलेले गणित! चोविसाव्या वर्षी ती आमच्याकडे शेकडेवारी शिकावयास आली. टेलर फ्रेमवरून बोटे फिरविताना तिने विचारले, ‘हे तेव्हाच का नाही दिले?’ या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो प्रश्न आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

मोठ्या पदांची कथाही निराळी नाही. महाराष्ट्रकन्या प्रांजल पाटील या पूर्ण दृष्टिहीन. २०१६ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यशस्वी होऊन त्यांना रेल्वेची लेखा सेवा मिळाली. पण दृष्टी नाही या कारणास्तव नेमणूक नाकारली गेली. त्या पुन्हा परीक्षेस बसल्या, १२४ वा क्रमांक मिळविला, आणि भारतीय प्रशासन सेवेत दाखल होऊन केरळात अधिकारपदावर गेल्या. हिशेब आणि अंधत्व यांचा मेळ बसत नाही, ही समजूत किती खोलवर रुजली आहे, ते यावरून दिसते. ती समजूत शाळेतील सुटीपासून सुरू होते आणि नेमणुकीच्या कागदापर्यंत जाते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सूट वेगळी आणि सवलत वेगळी. परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ, लेखनिकाची सोय, आकृतीऐवजी पर्यायी प्रश्न, या सवलती आहेत. केंद्र सरकारच्या २०१३ आणि २०१८ च्या सूचनांत वेळेची व लेखनिकाची तरतूद केली गेली. त्या अवश्य घ्याव्यात, मागून घ्याव्यात. त्यात कमीपणा नाही. चष्मा लावणारा परीक्षार्थी काही लबाडी करीत नाही. सवलत मुलाला गणिताजवळ आणते. सूट त्याला गणितापासून दूर नेते. अर्थात काही मुलांच्या बाबतीत, सर्व साधने वापरून पाहिल्यावर, सूट हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो, हेही आम्ही पाहिले आहे. आमचे म्हणणे इतकेच की, सूट ही शेवटची पायरी असावी. आज ती पहिली होऊन बसली आहे.

आईवडील म्हणतील, ‘आम्हांला कोठे गणित येते?’ त्यांना रशियातील एका आईची गोष्ट सांगावीशी वाटते. लेव पोन्त्र्यागिन हा मुलगा चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटात आंधळा झाला. त्याची आई शिवणकाम करणारी, गणिताचा गंध नसलेली. तिने त्याला गणिताचे ग्रंथ वाचून दाखविले. चिन्हांची नावे ठाऊक नव्हती, तेव्हा एका चिन्हाला शेपट्या वर, दुसऱ्याला शेपट्या खाली, अशी नावे तिने दिली. मुलगा त्यावरून समजून घेई. १९८८ साली तो वारला, तेव्हा त्याची गणना त्या शतकातील थोर गणितज्ञांत होत होती. आपल्या मुलांनी पोन्त्र्यागिन व्हावे अशी आमची मागणी नाही. दहावीचे पुस्तक वाचून दाखवावयास मात्र त्या आईइतकी चिकाटी पुरे आहे.

परिस्थिती पूर्वीइतकी प्रतिकूलही राहिलेली नाही. १८८७ साली अमृतसरला देशातील पहिली अंधशाळा निघाली. मुंबईची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ ची. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच लिपी ठरली, म्हणून लखनौचे मूल मराठी आणि हिंदी दोन्ही त्याच सहा टिंबांनी वाचते. आपल्या लखनौत मोहान रस्त्यावर डॉ. शकुंतला मिश्रा यांच्या नावाचे विद्यापीठ आहे, जेथे अपंग विद्यार्थी इतरांच्या बरोबरीने उच्च शिक्षण घेतात. २०१९ साली निघालेली नाणी स्पर्शाने वेगळी ओळखता यावीत अशी घडविली आहेत; वीस रुपयांच्या नाण्याला बारा कडा आहेत. नोटांवर उठावाच्या खुणा आहेत आणि रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोट ओळखून बोलणारी मोबाइलची सोयही दिली. सरकार पैसा बोटांना ओळखू देते, आणि आपण त्याच बोटांना पैशाचा हिशेब शिकवीत नाही, हे शोभणारे नाही.

मंडळाने काय करावे, याविषयी तीन सूचना करून आम्ही भाषण आवरते घेतो. पहिली, मंडळाच्या ग्रंथालयात एक कपाट या मुलांसाठी असावे: दोन टेलर फ्रेम, दोन मणिचौकटी, उठावाच्या आकृत्यांचा एक संच. गणेशोत्सवातील एका दिवसाच्या रोषणाईत हा खर्च भागेल. दुसरी, ज्यांना परवचा येतो असे वृद्ध अजून आपल्यात आहेत. त्यांच्या तोंडून पावकीपासून औटकीपर्यंतची पाढावळ ध्वनिमुद्रित करून ठेवावी. ती या मुलांच्या उपयोगी पडेल आणि इतर मुलांच्याही. देशापासून शेकडो कोस दूर वाढणाऱ्या मुलांना मराठी आकडे तरी नीट ऐकू येतील. तिसरी सूचना सर्वांत कठीण. आपल्यातील ज्या घरी असे मूल आहे, त्यांनी त्याला कार्यक्रमांच्या दिवशी घरी ठेवू नये. मंडळाच्या सभांना आम्ही वर्षानुवर्षे येत आहोत आणि अशी मुले येथे फार थोडी पाहिली आहेत. ती नाहीत असे नव्हे. ती माडीवरच्या खोलीत असतात. खाली पाहुणे असतात, वर ते मूल असते.

ज्या मुलाला आजोबांनी पाऊणकी शिकविली, त्याची हकीकत विचाराल म्हणून सांगतो. तो गणितात दहावीला ५१ गुण मिळवून उत्तीर्ण झाला. गणितज्ञ होण्याची त्याची लक्षणे नाहीत. तो दुकानावर बसतो. मजुरीचा हिशेब तोंडाने करतो आणि ब्रेलमध्ये वही ठेवतो. मागच्या दिवाळीला काकाच्या बेरजेत त्याने चाळीस रुपयांचा फरक काढून दाखविला. काका थोडे रागावले, असे कळते. आम्हांस त्यात समाधान वाटले. कारण ज्याच्याशी हिशेबावरून वाद घालता येतो, त्याला घरात भागीदार मानावे लागते.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत अशा भागीदारांची संख्या वाढो, एवढीच इच्छा.